देणगी आणि वर्गणी : मैफल कोणाच्या बळावर?

(बेळगाव येथील व्याख्यान)



भाषेच्या व्यासपीठावरून आज पैशांविषयी बोलायचे आहे. गाण्याला पैसा लागतो हे मैफलीत कोणी सहसा बोलत नाही. शब्दांनी मात्र त्याची नोंद ठेवली आहे. राजा द्यायचा तो आश्रय. निरोप घेताना गवयाच्या हाती पडायची ती बिदागी. आज आपण देतो ते मानधन. आणि संस्थेसाठी लोकांकडून जमते ती देणगी किंवा वर्गणी. या शेवटच्या दोन शब्दांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आश्रयाचे उदाहरण जवळचेच आहे. निपाणीहून तासाभराच्या वाटेवरील कोल्हापुरात उस्ताद अल्लादिया खाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांचे दरबारगायक होते. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. आश्रय कितीही उदार असला तरी तो एका आयुष्याएवढाच पुरतो. त्याच कोल्हापुरात १८८३ पासूनचा देवल क्लब मात्र टिकून आहे. दरबाराचा हात त्यालाही लाभला, पण त्याचा जीव गाण्यासाठी एकत्र येणाऱ्या मंडळींत होता.

आता आपल्या मैफलींचा हिशोब मांडू. गायकाचे मानधन, तबला, संवादिनी आणि तानपुऱ्याची साथ, प्रवास, मुक्काम, सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था. प्रवेश विनामूल्य ठेवला तर हा सगळा भार देणग्यांवर येतो. समजा, वर्षाला दोन लाख रुपये लागतात. ते एका उद्योजकाने दिले तर काम एका भेटीत होते. पण पुढच्या वर्षी त्याने हात आखडता घेतला, की मालिकाच बंद पडते. तेच शंभर जणांनी दोन-दोन हजार दिले आणि त्यांतले दहा गळाले, तरी एक लाख ऐंशी हजार उरतात. तेवढ्यात मैफल होते. फार तर एखादा खर्च कमी करावा लागतो.

करसवलतीची आशा दाखवून देणग्या मागण्याची आपल्याला सवय आहे. परंतु नवी करपद्धत निवडणाऱ्याला अशा देणगीची वजावट मिळत नाही. जुन्या पद्धतीतही दोन हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिली तर वजावट नाही. म्हणजे पुष्कळांसाठी आता गाण्याची ओढ हेच देण्याचे कारण उरते. देणाऱ्याला आपण काय सांगतो, हे त्यामुळे महत्त्वाचे झाले आहे.

देणगी देणारा देऊन मोकळा होतो. वर्गणी देणारा आपला वाटा उचलतो आणि मग विचारतो, यंदा कोण गाणार? साथीदारांना काय दिले? नवोदितांना संधी का नाही? हे प्रश्न संस्थेला अडचणीचे वाटतील, पण मालिका जिवंत राहते ती अशा प्रश्नांमुळेच. पावतीवर आपण देणगी लिहू. मनात मात्र वर्गणी असू द्यावी.

सीमाभागात याला आणखी एक अर्थ आहे. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. सवाई गंधर्व कुंदगोळचे. त्यांच्या स्मृतीचा महोत्सव १९५३ मध्ये गदगच्या भीमसेन जोशींनी पुण्यात सुरू केला. ख्यालाची बंदिश बहुधा ब्रजभाषेत असते. ती ना मराठीची, ना कन्नडची. तिच्यापुढे बसलेला कोणीच पाहुणा नसतो. म्हणून वर्गणीदारांच्या यादीत दोन्ही भाषांची घरे असली पाहिजेत आणि आवाहनही दोन्ही भाषांत निघाले पाहिजे.

शिक्षकांना एक विनंती. विद्यार्थ्यांना मैफलीला आणाच, पण त्यांच्याकडून दहा रुपये का होईना, वर्गणी घ्या आणि पावती द्या. वर्षाअखेर जमाखर्चाचा कागद त्यांच्याही हाती द्या. आपल्या दहा रुपयांचे काय झाले हे ज्याने एकदा वाचले, तो पुढच्या वर्षी मैफलीची तारीख स्वतःहून विचारायला येईल.