ताराबाई मोडक : शाळा अंगणात नेणारी बाई



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर शिशुवर्ग शिकविला. म्हणून त्यांच्या स्मृतिदिनी ताराबाई मोडक यांच्याविषयी बोलावे असे मी योजिले. ताराबाईंवर बडोद्याच्या आपणा मराठी भाषकांचा थोडा अधिक हक्क आहे. कारण त्यांच्या कामाचा पाया गुजरातेत घातला गेला.

ताराबाईंचे चित्र आपण फार मवाळ करून ठेवले आहे. मुलांच्या घोळक्यात बसलेली एक प्रेमळ वृद्धा, एवढेच आपल्याला आठवते. त्या प्रेमळ होत्याच. पण नुसत्या प्रेमळपणाने कोणी ५३ व्या वर्षी मुंबईतील बसलेली घडी मोडून खेड्यात जात नाही. त्याला धाडस लागते, आणि ताराबाईंचे ते धाडस एकदाच दिसले असेही नाही.

जन्म १८९२ चा. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. १९२१ च्या सुमारास पतीपासून वेगळ्या होऊन, लहान मुलीला घेऊन, त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहायचे ठरविले. त्या काळी हा निर्णय किती जड होता हे या सभागृहातील वडीलधाऱ्या भगिनींना सांगावयास नको. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळाले. पगार होता, मान होता, बंगला होता. १९२३ साली तेही सोडून त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या प्रयोगात उतरल्या. गिजुभाई मूळचे वकील. गुजरातने त्यांना कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हटले. ताराबाईंनी गुजराती आत्मसात केली. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. ‘शिक्षण पत्रिका’ आधी गुजरातीत निघे, पुढे ताराबाईंनी ती मराठीतही काढली. १९३६ साली त्या मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार उभे राहिले.

येथवरचे काम मुख्यतः शहरी, सुशिक्षित घरांतील मुलांचे होते, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग. खेड्यातील मूल त्या दारापर्यंत कधी पोचणार? हा प्रश्न ताराबाईंना सोडीना, आणि १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. येथून मुंबईला जाताना गुजरातची हद्द ओलांडली की लगेच त्याचा परिसर लागतो. त्याच वर्षी त्याच मुलुखात वेठीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला आणि त्याच्या अग्रभागी गोदावरी परुळेकर होत्या. दोघींचे मार्ग अगदी निराळे. पण सुखवस्तू जीवन बाजूस ठेवून दोघी एकाच मुलुखात पोचल्या, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

बोर्डीला बालवाडी निघाली. गावातील मुले आली. हरिजनवाड्यातील व आदिवासी मुले मात्र येईनात. अशा वेळी आपण सामान्यतः काय म्हणतो? पालकांना शिक्षणाची गोडी नाही, असे म्हणून मोकळे होतो. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मूल येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि तेथेच झोपडीपुढच्या अंगणात गाणी, गोष्टी, मोजणे सुरू करायचे. शंखशिंपले, बिया, खडे, पाने, माती ही साधने. त्यांना दिडकीही पडत नसे. ही अंगणवाडी.

पुढे १९५७ साली, ६५ व्या वर्षी, बोर्डीही मागे टाकून त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत राहावयास गेल्या. निवृत्तिवेतनाचे कागद सांभाळण्याचे ते वय! तेथे अडचण निराळी निघाली. मोठी मुलगी शाळेत येत नसे, कारण कडेवर धाकटे भावंड. मुलगा येत नसे, कारण गुरे रानात. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी केली. तान्हे पाळण्यात निजले की ताई वर्गात बसायला मोकळी. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा : गुरे चरत आहेत तेथेच शिक्षक जाणार. मला ही कल्पना त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत धीट वाटते; कारण तीत घंटा, बाक, वेळापत्रक, म्हणजे ज्यांना आपण शाळा समजतो ते सारेच, त्यांनी सोडून दिले.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला. तो कोठून आला हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी पुढे चालविले. या बालविधवा शिक्षिका १९४५ साली बोर्डीला ताराबाईंना येऊन मिळाल्या आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत त्या कामातच राहिल्या. त्यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक आपल्या शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर एखाद्या माजी विद्यार्थ्याने ते आणून द्यावे, एवढी विनंती करतो.