मिठातून पोहोचणारे दान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दानधर्म हा विषय आपल्या मंडळास नवा नाही. वसतिगृहाच्या खोल्या, सभागृहातील पंखे, ग्रंथालयाची कपाटे, यांतील बहुतेक वस्तूंवर कोणा ना कोणा दात्याचे नाव आहे, आणि ते असावे हेच योग्य. आज मात्र आम्ही आपणांस अशा एका दानाची हकीकत सांगणार आहोत की ज्यावर कोणाचेच नाव कोरता येत नाही. कारण ते दान मिठात मिसळून जाते.

मनुष्याच्या गळ्याशी अवटु नावाची एक लहानशी ग्रंथी आहे. डॉक्टर मंडळी तिला थायरॉइड म्हणतात. तिचे कार्य चालण्यास आयोडीन नावाचे द्रव्य लागते. प्रौढ माणसास ते दिवसाला अवघे १५० मायक्रोग्रॅम पुरते. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तरी एकूण भरते ते चार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरत नाही. परंतु शरीरात त्याचा मोठा साठा राहत नसल्याने ते नित्य मिळावे लागते. डोंगराळ मुलखात आणि पुराच्या खोऱ्यांत हे द्रव्य मातीतून धुऊन गेलेले असते. माती रिती, म्हणून धान्य रिते, आणि धान्य रिते, म्हणून माणूस रिता, अशी ही परंपरा आहे.

या उणिवेने गळ्यास गाठ येते. तिला आपण गलगंड म्हणतो. परंतु गलगंड हा डोळ्यांस दिसणारा भाग झाला. खरी हानी दिसत नाही. गरोदर मातेस आयोडीन फारच कमी पडले, तर पोटातील बालकाचा मेंदू नीट घडत नाही. मूल मूकबधिर, खुजे, मतिमंद जन्मास येऊ शकते. उणीव सौम्य असली तरी मुलांची बुद्धी अभ्यासात मागे पडू शकते, आणि आईबाप नशिबास बोल लावीत बसतात. गर्भातच झालेली ती हानी मागाहून भरून काढता येत नाही. म्हणून उपाय आधीच व्हावा लागतो.

तो उपाय नवा नाही. स्वित्झर्लंडने १९२२ साली मिठात आयोडीन घालण्यास प्रारंभ केला. अमेरिकेतील मिशिगन प्रांताने १९२४ साली तोच मार्ग धरला. आपल्या देशात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात प्रयोग केला. काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागात साधेच. जेथे आयोडीन पोहोचले तेथे गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले. त्या पुराव्यावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यासाठी युनिसेफने मिठात आयोडीन मिसळण्याची यंत्रे देणगीदाखल दिली.

आता आपण विचाराल की, माणशी वर्षाला चार-पाच रुपयांत भागणारा हा उपाय ठाऊक असता १९९० साली जगातील पाचांपैकी जेमतेम एका घरीच असे मीठ का होते? उत्तर सोपे आहे. ज्यांस उणीव होती त्यांस ती ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी मागणी केली नाही. मागणी नाही, म्हणून मिठागरवाल्याने खर्च केला नाही. गरीब देशांच्या सरकारांपुढे याहून मोठ्याने ओरडणारी संकटे होती. ज्या कामाची निकड कोणासच भासत नाही, ते काम दात्याची वाट पाहत राहते.

१९९० साली न्यूयॉर्क येथे बालकांसाठी जागतिक शिखर परिषद भरली. आयोडीनची उणीव निवारण्याचा संकल्प तेथे झाला. संकल्पाने तिजोरी भरत नाही. ती भरण्यास पुढे आलेल्यांत कॅनडासारखी सरकारे होती, पुढे मोठे धर्मादाय न्यासही आले. परंतु आम्हांस विशेष वाटते ते किवानिस या संस्थेचे. १९१५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी निघालेली ही मंडळांची संघटना. गावोगावचे सामान्य सभासद वर्गणी भरणार, सभा घेणार, मुलांसाठी काही करणार, अशी तिची रीत. आपल्यासारखीच म्हणा ना! तिने १९९० नंतरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने हे कार्य अंगावर घेतले आणि दहा कोटी डॉलरहून अधिक निधी मिळविला. ज्या बालकांचे मुखही कधी दिसणार नव्हते, त्यांच्यासाठी!

या पैशाने मीठ वाटले नाही, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. त्यातून यंत्रे आली, आयोडीनचा आरंभीचा पुरवठा झाला, मीठ तपासण्याची साधने आली, तपासनीस शिकून तयार झाले, कायदे करण्यासाठी सरकारांचे मन वळविले गेले. त्यानंतर आयोडीनचा खर्च मिठाच्या दरातच सामावला आणि दाता बाजूस झाला. आज जगातील सुमारे नव्वद टक्के घरांत असे मीठ पोहोचले आहे. उणीव असलेले देश शंभरांहून अधिक होते, ते आता वीस-बावीसांवर आले आहेत.

परंतु येथेच एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. व्हिएतनामने २००५ च्या सुमारास उणीव निवारली गेली असे मानले आणि स्वतंत्र कार्यक्रम आवरता घेतला. काही वर्षांतच आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले. बांधलेली विहीरसुद्धा उपसावी लागते. यंत्रास दाता लवकर मिळतो. दरवर्षी मीठ तपासत राहण्यास मात्र मिळत नाही.

हे सांगताना आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवते. आम्ही कार्यकारिणीत असताना वसतिगृहातील मुलामुलींची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि प्रवेशद्वाराची कमान, असे दोन विषय एकाच सभेपुढे आले. कमानीचा निधी महिन्याभरात जमला. तपासणीचा निधी जमला नाही, आणि तो जमविण्यासाठी आम्हीही फारसे झटलो नाही, कारण कमानीवर आमचेही नाव यावयाचे होते. ती कमान आजही उभी आहे. तिच्याखालून जाताना आम्हांस संकोच वाटतो.

म्हणून दोन विनंत्या. पहिली भगिनींस आणि स्वयंपाक करणाऱ्या सर्वांस. आयोडीनयुक्त मीठच आणावे, ते झाकण लावून कोरड्या जागी ठेवावे. सैंधव किंवा मिठागराचे जाडे मीठ आवडीने वापरणाऱ्यांनी त्यात आयोडीन घातले आहे की नाही, हे पुडक्यावर पाहून घ्यावे. घरात गर्भवती असल्यास विशेष दक्षता बाळगावी. मीठ अधिक खावे, असे मात्र आमचे म्हणणे नाही.

दुसरी विनंती मंडळास. त्या वैद्यकीय तपासणीसाठी यंदा एक कायम निधी उघडावा. त्याच्या दात्यांची नावे कोठेही कोरू नयेत. पहिली रक्कम आम्ही आजच कोषाध्यक्षांच्या हाती देत आहोत. ती किती, हे त्यांनी कोणास सांगू नये.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.