असीरगडची सोन्याची मोहोर

(आपल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गतवर्षीच्या मेळाव्यात आपण असा ठराव केला की, आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या सभागृहात असीरगडाच्या वेढ्याचे एक भव्य तैलचित्र लावावे आणि त्या चित्रात गड लढविणारे आपले पूर्वज दाखवावेत. चित्रकारास ऐतिहासिक माहिती पुरविण्याचे काम आमच्यावर सोपविण्यात आले. आम्ही शाळेत आयुष्यभर इतिहास शिकविला, एवढीच आमची पात्रता. ते काम करीत असता जे आमच्या हाती लागले, ते आपल्यापुढे मांडण्यास आज उभे आहोत. ते सर्वांस रुचेलच असे नाही. पण वर्गणी आपण सर्वांनी दिलेली आहे, तेव्हा हिशेबही सर्वांस द्यावयास हवा.

भुसावळहून खांडव्याकडे जाताना बऱ्हाणपूर मागे पडले आणि चांदनी स्थानक जवळ आले, म्हणजे सातपुड्याच्या रांगेतून एक उंच, सपाट माथ्याचा डोंगर पुढे येतो. हाच असीरगड. आज तो मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे, त्यामुळे आपल्या मुलांस तो परका वाटतो. परंतु जुन्या खानदेशाचे ते मस्तक होते. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणारी वाट या गडाच्या नजरेखालून जाते. गड एक नसून तीन आहेत, एकावर एक चढविल्यासारखे: खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि माथ्यावर असीरगड. फारुकी घराण्याची पहिली राजधानी आपल्या शिरपूर तालुक्यातील तापीकाठच्या थाळनेर येथे होती. त्यांच्या कबरी आजही तेथे आहेत. पुढे नसीरखान फारुकीने असीर घेतला. आसा अहिराकडे आपल्या कुटुंबास आश्रय मागून, मेण्यांत बायकामुलांऐवजी हत्यारबंद शिपाई बसवून त्याने तो घेतला, ही कथा फेरिस्त्याने दिली आहे. ती अक्षरशः खरी मानावी की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आम्हांस एवढेच दिसते की, या गडाच्या वाट्यास दगलबाजीच्या कथा प्रथमपासून आलेल्या आहेत.

आता मुख्य प्रसंग. राजा अली खान फारुकी हा अकबराचे स्वामित्व मान्य करून राहिला होता. 1597 साली गोदावरीकाठच्या आष्टीच्या लढाईत तो मोगलांच्या बाजूने लढत पडला. तो शत्रूस मिळाला असे समजून मोगल सैन्याने त्याचाच तळ लुटला आणि मग त्याचे प्रेत रणात सापडले, असे इतिहासकार नोंदवितात. त्याचा मुलगा बहादुरखान गादीवर आला. बापाची अशी बूज राखली गेल्यावर मुलाचे मन दिल्लीपतीविषयी कसे असेल, हे सांगावयास नको. शाहजादा दानियाल त्या वाटेने दक्षिणेत गेला, तेव्हा बहादुरखान त्याच्या भेटीस उतरला नाही. अकबर स्वतः निघाला. 1600 च्या मार्च-एप्रिलच्या सुमारास त्याने बऱ्हाणपूर घेतले आणि असीरला वेढा पडला. गडावर धान्य, तेल, दारूगोळा यांचा साठा विपुल होता. पावसाळा गेला, ऑगस्टात तिकडे अहमदनगर पडले, तरी असीर उभाच होता. त्या वर्षाच्या अखेरीस मोगलांनी एका आडवाटेने मलयगड जिंकला. या कामी ग्रंथकार अबुल फजल स्वतः दोराने वर चढला, असे तो स्वतःच लिहितो. डिसेंबरात बहादुरखान गडाखाली आला, आणि 17 जानेवारी 1601 रोजी गड मोगलांच्या स्वाधीन झाला. दोनशे वर्षांचे फारुकी राज्य संपले. बहादुरखानास ग्वाल्हेरास नेऊन ठेवण्यात आले.

या प्रसंगाचे त्या काळचे चित्र कोठे आहे काय, हा आमचा पहिला शोध. अकबराने आपल्या स्वाऱ्यांची चित्रे हौसेने काढविली. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयात अकबरनाम्याची जी सचित्र प्रत आहे, तीत चितोडच्या वेढ्यात सुरुंग उडून माणसे हवेत फेकली गेल्याचे चित्र आहे. रणथंभोरच्या डोंगरावर बैल तोफा ओढीत असल्याचे आहे. आणि राय सुर्जन हाडा अकबरापुढे शरण आल्याचेही आहे. परंतु ती प्रत 1577 च्या सुमारास थांबते. असीरचा प्रसंग त्यानंतर तेवीस वर्षांनी घडला. तेव्हा त्या चित्रमालेत आपला गड नाही. चित्रकारास आम्ही हे कळविले, तेव्हा तो थोडा हिरमुसला. त्यास नक्कल करावयास काही हवे होते.

पण एक कलाकृती निघाली, आणि ती रुपयाएवढी लहान निघाली. असीर हाती आल्यावर अकबराने तेथे सोन्याची मोहोर पाडली. तिच्या एका बाजूस ससाणा आहे. उजवीकडे तोंड करून, पाय रोवून तो उभा आहे, आणि भोवती फुलापानांची वेलबुट्टी आहे. दुसऱ्या बाजूस फारसी अक्षरांत ‘अल्लाहू अकबर’, इलाही सन 45, महिना इस्फंदारमुज, आणि ‘जर्ब असीर’, म्हणजे असीर टांकसाळीत पाडलेली, असा मजकूर आहे. इलाही सन हा अकबराने आपल्या राज्यारोहणापासून मोजलेला. इस्फंदारमुज हा त्याचा बारावा महिना, आपल्या फेब्रुवारी-मार्चात येणारा. याचा अर्थ, जानेवारीच्या मध्यास गड घेतला आणि दोन महिन्यांच्या आत त्याच गडाच्या नावाने सोने छापून निघाले! ही मोहोर अत्यंत दुर्मिळ आहे. एक ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. आम्ही तिचे छायाचित्रच पाहिले. मुसलमानी नाण्यांवर सामान्यतः केवळ अक्षरे असतात, जीवमात्राची आकृती क्वचित. अकबराने ती चाल मोडली. पुढे इलाही सन 50 मध्ये त्याने बदकाची मोहोर काढली, आणि धनुर्धारी पुरुष व मागे स्त्री असे ‘रामसीय’ नाणेही काढले. पण त्या नाण्यांवर कोणत्या गडाचा पाडाव नाही. ससाण्याची मोहोर मात्र आपल्या खानदेशाच्या पाडावाची खूण आहे.

बंधुभगिनींनो, ते छायाचित्र आम्ही कित्येक दिवस मेजावर ठेवले होते. पक्षी फार सुंदर कोरलेला आहे, हे कबूल केले पाहिजे. त्याची मान, त्याच्या पंखांची घडी, सारे जिवंत आहे. नाण्यावर गड नाही, तोफ नाही, माणूस नाही. शिकारी पक्षी उभा आहे, झडप घालून झालेली आहे, आणि सावज चित्राबाहेर आहे. ते सावज म्हणजे आपण, हे कळावयास आम्हांस जरा वेळ लागला.

गड पडला कसा, हा खरा वादाचा मुद्दा आहे. मोगल पक्षाचे लेखक सांगतात की, गडावर माणसे आणि जनावरे यांची अतोनात दाटी झाली, रोगाची साथ उठली. लोकांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले, दृष्टी मंदावली. आणि धीर खचून बोलणी झाली. दुसरी हकीकत ख्रिस्ती पाद्र्यांची. झेवियर नावाचा पाद्री त्या वेळी अकबराच्या छावणीत होता. त्याच्या पत्रांवरून दु झारिक या फ्रेंच ग्रंथकाराने 1614 च्या सुमारास जे लिहिले त्यात असे आहे की, अकबराने आपल्या शिराची शपथ घालून बहादुरखानास भेटीस बोलाविले व परत जाऊ दिले नाही; गडावरच्या वृद्ध हबशी किल्लेदाराने गड देण्यास नकार दिला; त्याच्या मुलास अकबराने मारविले; किल्लेदाराने आपला प्राण आपणच दिला; आणि मग सोने वाटून दरवाजे उघडविण्यात आले. व्हिन्सेंट स्मिथ यांनी 1917 च्या आपल्या अकबरचरित्रात ही हकीकत ग्राह्य धरली. पुढे पेन यांनी पाद्र्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करताना तिच्यावर संशय घेतला. दु झारिक स्वतः हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. उलट अबुल फजल तेथे होता, पण तो बादशहाचा माणूस, आणि स्वतः दोरावर चढलेला.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सोन्याची हकीकतच सांगत आलो. ती सांगताना मुले गप्प बसत, डोळे विस्फारीत. साथीच्या रोगाची गोष्ट सांगितली तर कोणी ऐकत नसे. एकदा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “गुरुजी, सोने वाटताना पाहिले कोणी?” आम्ही त्यास उभे केले आणि तास संपेपर्यंत बसू दिले नाही. त्या मुलाचे म्हणणे रास्त होते. तो आज या सभेत असेल तर त्याने ऐकावे.

आता आपल्या पूर्वजांविषयी. आमच्या आजीबाई जात्यावर बसल्या म्हणजे अहिराणीत सांगत की, आपण मूळचे असीरचे. गड फितुरीने गेला तेव्हा आपला मूळपुरुष सोन्याची थैली लाथाडून तापी उतरून इकडे आला. अशीच कथा थोड्याफार फरकाने आपल्या पुष्कळ कुळांत सांगितली जाते. पारोळ्याकडे एक पाठ, साक्रीकडे दुसरा. चित्रात जो पुरुष दाखवावयाचा तो हाच. आम्ही यासाठी आमच्या घरचे जुने कागद पाहिले, काही वृद्धांकडे गेलो, भाटाच्या वंशावळीही वाचवून घेतल्या. कोणत्याही कागदात असीर नाही. थैली लाथाडणारा किल्लेदार पाद्र्यांच्या ग्रंथात भेटतो खरा, पण तो हबशी आहे, आफ्रिकेतून आलेल्या कुळातला. आपल्या आजीबाईंनी त्याची पगडी आपल्या पूर्वजाच्या डोक्यावर ठेवली, असे आमचे मत झाले आहे. आजीबाईंवर आमचा राग नाही. परंतु त्या बिचाऱ्याने प्राण दिला असेल, तर निदान त्याचे श्रेय तरी त्याच्याकडे राहू द्यावे.

मग आपले लोक त्या वेळी कोठे होते? रयत होते, शेतात होते. वेढा दहा महिने चालला म्हणजे छावणीतील हत्ती, घोडे, बैल दहा महिने कोणाचे तरी धान्य आणि कडबा खात होते. जिंकलेल्या प्रांताचे नाव दानियालच्या नावावरून ‘दानदेश’ ठेवण्यात आले. फत्तेपूर शिक्रीच्या बुलंद दरवाज्यावर आजही ते कोरलेले आहे: बादशहाने दक्षिण व पूर्वी खानदेश म्हणत तो दानदेश जिंकला. शिक्रीस सहलीस जाणाऱ्या आपल्या मंडळींनी तो लेख जरूर पाहावा. मोठमोठे प्रवासी त्या दरवाज्याची उंची पाहून परत फिरतात, आणि आपल्या प्रांताचे नाव तेथे आहे हे त्यांच्या गावीही नसते. दानियाल पुढे 1605 साली बऱ्हाणपुरातच मद्यपानाने मेला, आणि नावही फार टिकले नाही. रयतेने खानदेशच म्हटले.

बऱ्हाणपूरची जामा मशीदही या कामी आम्ही पाहून आलो. राजा अली खानाने 1590 मध्ये बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखाबरोबर नागरी लिपीत संस्कृत लेख आहे; त्यात फारुकी राजांची वंशावळ असून शके 1511 ची मिती घातली आहे. मशिदीत संस्कृत पाहून आम्ही थक्क झालो. त्याच वास्तूत अकबराच्या विजयाचा लेखही आहे, अकराच वर्षांनी कोरलेला. यजमानाची वंशावळ आणि तिचा शेवट, दोन्ही एका छपराखाली!

धुळ्याकडील मंडळी म्हणतील, आमच्याकडचे काय? थाळनेरचे सांगतो. 27 फेब्रुवारी 1818 रोजी इंग्रज सेनापती हिस्लॉप थाळनेरपुढे आला. स्वाधीन होण्याची बोलणी चालू असता आतल्या दरवाज्यापाशी गोंधळ झाला, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि मग आतील शिबंदीची सरसकट कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम यास फाशी देण्यात आले. या कृत्याविषयी पुढे विलायतेतही प्रश्न विचारले गेले. पुढच्याच वर्षी, 9 एप्रिल 1819 रोजी, शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने असीरगड इंग्रजांस दिला. थाळनेरच्या शिबंदीची मोहोर कोणी पाडली नाही. तिच्यात आपल्या भागातील माणसे असण्याचा संभव असीरपेक्षा पुष्कळ अधिक आहे, आणि त्यांच्याविषयी एकही आजीबाई काही सांगत नाही.

तेव्हा चित्रकारास काय कळवावे? आमची सूचना अशी की, चित्र काढावे, पण त्यात नाव घालून कोणी पूर्वज दाखवू नये. तीन टप्प्यांचा गड, पायथ्याची छावणी, आणि पुढच्या बाजूस कडब्याच्या गाड्या हाकीत नेणारी, वर न पाहणारी माणसे असावीत. कोपऱ्यात मोहोरेवरील ससाणा काढावा. काही मान्यवरांस हे पसंत नाही, हे आम्ही जाणतो. ज्यांनी पूर्वजाच्या चेहऱ्यासाठी आपल्या वडिलांची छायाचित्रे चित्रकाराकडे पाठविली आहेत, त्यांची ती परत मागविण्यात आली असून कार्यालयात मिळतील. ठराव बदलावयाचा तर तो सभेनेच बदलला पाहिजे. दुपारच्या बैठकीत तो विषय चौथ्या क्रमांकावर आहे. मोहोरेचे मोठे करून घेतलेले छायाचित्र बाहेरच्या मेजावर ठेवले आहे. शेजारी भिंग आहे. मुलांनी ते आळीपाळीने वापरावे व परत तेथेच ठेवावे.