उष्णतेची पाठवणी

मुंबई-पुण्याकडून बेळगाव, हुबळी, तुमकूर या वाटेने आलेली मोटार बंगळूर शहरात शिरते ती यशवंतपूरच्या बाजूने. येथे रेल्वेचे जंक्शन आहे, बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आहे आणि रस्त्यावर मालमोटारींची अखंड रांग आहे. या रांगेमागून एखादी ठेंगणी स्पोर्ट्स गाडी येत असावी आणि पुढच्या चाकाखालून उडालेला खडा नेमका तिच्या नाकपुडीत शिरावा, यात नवल नाही. गाडी चालत राहते. आतला गारवा मात्र ओसरू लागतो. मग मालक गॅरेजात येऊन म्हणतो, “गॅस संपला आहे, भरून द्या.”

परंतु हा गॅस पेट्रोलसारखा खर्ची पडणारा नव्हे. तो बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. तो एकाएकी कमी झाला, याचा अर्थ कोठे तरी वाट फुटली आहे. ती न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

खरे पाहता गारवा कोणी निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकायची, एवढेच हे यंत्र करते. आजही असंख्य गाड्यांत असलेला आर-१३४ए हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. आतल्या नळ्यांत तो उकळतो आणि उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून तापवतो व पुढे धाडतो. गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या कंडेन्सरमध्ये वाऱ्याच्या हाती उष्णता सोपवून ती वाफ पुन्हा द्रवरूप होते. कंडेन्सर हे उष्णतेच्या पाठवणीचे दार; म्हणून त्याला वाऱ्याच्या तोंडी उभे राहावे लागते आणि खडेही त्यालाच सोसावे लागतात. इंजिन मागे असलेल्या कित्येक स्पोर्ट्स गाड्यांत तो नाकाच्या दोन्ही कोपऱ्यांत असतो. तेथे पालापाचोळा साचतो, ओला राहतो आणि अल्युमिनियम हळूहळू पोखरतो.

आतला दाब बाहेरच्या हवेच्या दसपटीहूनही अधिक होत असल्याने ठिगळाचा भरवसा धरता येत नाही. कंडेन्सर बदलणेच श्रेयस्कर. मात्र पाना हाती घेण्यापूर्वी उरलेला गॅस यंत्राने ओढून टाकीत भरून घ्यावा लागतो. कारागिराची परीक्षा येथेच आहे. नुसता नट सैल केला, की फुस्स आवाज होऊन दोन मिनिटांत काम मोकळे. धूर नाही, ग्राहकाची विचारणाही नाही.

हीच बेफिकिरी जगाला एकदा महागात पडली आहे. पूर्वी मोटारींत आर-१२ वापरीत. असे पदार्थ वर जाऊन ओझोनचे कवच झिजवतात, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि २०१० पासून भारतानेही त्या वर्गातील पदार्थांचा असा वापर थांबवला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावीत नाही. पण पृथ्वी तापवण्याच्या कामी तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक समर्थ आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याच्यावरही मर्यादा आणल्या.

नव्या कंडेन्सरबरोबर सांध्यांच्या रबरी कड्या आणि ओलावा शोषणारा ड्रायरही बदलावा. जुन्या भागाबरोबर गेलेले तेल मापाने भरावे. नंतर पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढायची. मुंबईत शिकलेला कारागीर या वेळी गोंधळतो. तेथे पोकळीचा काटा ३० इंचांच्या आसपास जातो, येथे २७ च्या जवळच थांबतो. दोष पंपाचा नसतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाबच कमी. काटा तेथे अर्धा तास ढळला नाही, तर सांधे बहुधा घट्ट आहेत असे समजावे. मग बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्याच जातीचा गॅस, लिहिलेल्याच वजनाने भरावा.

गाडी परत नेताना मालकाला गार झुळूक तेवढी जाणवेल. टाकीत जपून भरलेला जुना गॅस त्याच्या दृष्टीस पडणार नाही. तो पडत नसतानाही जो कारागीर ते काम टाळत नाही, त्याच्याच हाती अशी गाडी द्यावी.