माती कुठे द्यायची?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी हा मरणाचा विषय काय काढतो, असे म्हणू नका. माझी आई गेली तेव्हा आम्हा भावांत वाद झाला, तो जागेवरून. आईचे माहेर पेणच्या खारेपाटातले, सासर रोह्याकडचे. ती म्हणायची, "मला जाळू नका रे. मातीत ठेवा, वर सिमेंट नको, झाड लावा." पण कुठे, ते आम्ही कधी विचारलेच नाही.

भर आषाढात ती माहेरी गेली. तिथे दोन हात खणले नाही तोच खारे पाणी वर आले. टेम्पोतून रोह्याकडे आणली. थोरल्याचे म्हणणे, नदीकाठची माती मऊ, तिथेच खणू. एक म्हातारबाबा गरजले, "१९८९ च्या जुलैत आंबा नदीने जांभूळपाड्याचे काय केले, विसरलात?" शेवटी विहिरींपासून लांब, मुरमाड उतारावर बॅटरीच्या उजेडात खणले. हातांना फोड आले, पण खड्डा कोरडा होता.

जाळावे की पुरावे, असा धम्माचा हट्ट नाही. तथागतांचे दहन कुशीनाऱ्याच्या मल्लांनी केले. बाबासाहेबांना ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर अग्नी दिला. आपले वाडवडील पुरायचे, त्यात लाकूड परवडत नव्हते हेही कारण होतेच. तेव्हा पुरण्यात कमीपणा नाही. मात्र पांढरे सुती कापड घ्या. प्लॅस्टिक, नायलॉन मातीत जिरत नाही. आणि मीठ! आम्ही जुन्या चालीने पोतेभर ओतले. वर लावलेला बहावा महिन्यात वाळला. थोरला चबुतरा बांधू म्हणाला. चार चबुतरे झाले की पाचव्याला जागा कुठली? मी नाही ऐकले, चार दिवस अबोला धरला त्याने.

खरी गोष्ट पुढे कळली. तो उतार स्मशान म्हणून सातबाऱ्यावर नाहीच! उद्या कोणी कुंपण घातले तर आईची जागा दाखवायची कशी? जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे सरकारी जमीन दफनभूमीसाठी नेमून देता येते. पण मागितली पाहिजे. आपापल्या गावचा उतारा काढून बघा, म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना जागा विचारून ठेवा.

आमच्या गावचा अर्ज अजून पडून आहे. दुसरा बहावा मात्र जगलाय, उन्हाळ्यात थोरलाच त्याला पाणी घालतो. येत्या ग्रामसभेत ठराव मांडणार आहोत. त्या गावचे जे इथे राहतात त्यांनी त्या दिवशी रजा काढावी.

नमो बुद्धाय, जयभीम!