पाळी सहावीत, धडा दहावीत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांचा फोन आला, 'तू ३५ वर्षं विज्ञान शिकवलंस, दहा-पंधरा मिनिटं अनुभवाचं काहीतरी बोल.' मी विषय सांगितला आणि फोनवर जरा शांतता झाली. मग आपला मित्र म्हणाला, 'जेवणाआधी ठेवू की नंतर?' मी म्हटलं, आधीच ठेव. आपण सगळे साठीला टेकलोय, कित्येकांच्या घरी नाती शाळेत जातात. आता नाही बोलायचं तर कधी बोलायचं?

विषय असा की स्त्रीच्या शरीरातली प्रजननसंस्था वयात येणाऱ्या मुलामुलींना कधी शिकवायची आणि कशी शिकवायची.

१९७८ सालचा पावसाळा. मी सातवीत होते. गणिताच्या तासाला पोटात दुखायला लागलं. मधल्या सुट्टीत उठले तर बाकावर डाग. मला वाटलं, आत काहीतरी फाटलंय, मी आता मरणार. माझ्या शेजारी बसणारी ख्रिस्ती मैत्रीण आज इथे समोर बसली आहे, नाव घेत नाही. तिने बाकावर पाणी ओतलं, 'अरे, बाटली सांडली' म्हणून मोठ्याने ओरडली आणि मला शिपाई मावशींकडे घेऊन गेली. मावशींनी पत्र्याच्या डब्यातून धुतलेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढून दिला आणि म्हणाल्या, 'रडू नको गो, कावळा शिवला तुला.' मी घाबरून खिडकीबाहेर कावळा शोधला होता, हे आज हसत सांगते. तेव्हा हसू आलं नव्हतं.

घरी चार दिवस बाजूला बसले. देवाजवळ जायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही, तुळशीकडे फिरकायचं नाही, वाडीतला मोगरा खुडायचा नाही. काय करायचं नाही ते सगळं समजलं. काय होतंय ते कुणी सांगितलं नाही. मैत्रिणीच्या घरी बाजूला बसणं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं.

पुढे दहावीत तो धडा आला. वर्गात एक वाक्य ऐकलं, 'हा घरी वाचा, परीक्षेला आकृती येते.' घरी वाचला. आकृती इतकी पाठ केली की डोळे मिटून काढता यायची. पण ती आकृती माझ्या पोटातली आहे, हे डोक्यात शिरलंच नाही.

मी शिक्षिका झाले, विरार-नालासोपारा भागात शिकवायला लागले. सातवीला फुलाचे भाग शिकवताना मला फार मजा यायची. आपल्याकडे जास्वंदीला काय तोटा? मुलं वाडीतून पिशवी भरून फुलं आणायची. ब्लेडने उभं कापायचं, पाकळ्या बाजूला करायच्या, तळाशी अंडाशय, त्यात इवलीशी बीजांडं. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, 'अंडाशय!' कुणी लाजायचं नाही. तीन वर्षांनी त्याच मुलांना दहावीत माणसाचं अंडाशय शिकवायची वेळ आली, तेव्हा माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असेल? 'हा घरी वाचा, परीक्षेला आकृती येते.' शब्दन् शब्द तेच. एक-दोन वर्षं नाही, बरीच वर्षं.

मग सातवीतली एक मुलगी शाळेत यायची थांबली. महिना झाला म्हणून मी तिच्या घरी गेले. चाळीतली एक खोली, संडास सामाईक. आई म्हणाली, 'आता मोठी झाली बाई, राहू दे घरात.' निघताना ती मुलगी जिन्यापर्यंत आली आणि हळूच विचारलं, 'बाई, माझ्याकडून काही वाईट झालं का?' मी तिला तिथेच जिन्यात उभं राहून दोन मिनिटांत काहीबाही सांगितलं. ती शाळेत परत आली नाही. मी तिची वर्गशिक्षिका होते, विज्ञानाची शिक्षिका होते, आणि तिला लागलं तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

तेव्हा मी हिशेब मांडून पाहिला. पाळी साधारण अकराव्या ते तेराव्या वर्षी येते, म्हणजे सहावी-सातवीत. कुणाला नवव्या-दहाव्या वर्षीच येते. राज्य मंडळाच्या पुस्तकात माणसाची प्रजननसंस्था सविस्तर येते ती दहावीत. आग लागून गेल्यावर चार वर्षांनी बंब पाठवावा, तसं हे चाललं होतं.

मुख्याध्यापकांची परवानगी काढली, आधी आयांची सभा घेतली आणि सहावीला शिकवायला सुरुवात केली. माझी पद्धत अगदी साधी होती. आधी जास्वंद कापायची. फळ्यावर फुलाचं अंडाशय काढायचं आणि शेजारी माणसाचं. शब्द तोच. मग मापं सांगायची, कारण मापं सांगितली की मुलांची भीती जाते. अंडाशयं दोन, प्रत्येक साधारण सालासकट बदामाएवढं. अंडनलिका वीतभरसुद्धा नाही, दहा-बारा सेंटिमीटर. गर्भाशय उलट्या पेरूसारखं, सात-आठ सेंटिमीटर लांबीचं. महिन्याला साधारण एक अंडपेशी बाहेर पडते, ती दिवसभर टिकते. गर्भ राहिला तर लागेल म्हणून गर्भाशयात आतून अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते अस्तर रक्ताबरोबर बाहेर येतं. त्यात घाण काही नाही, बाळाचं अंथरूण आहे ते. एका पाळीत रक्त किती जातं? मुलं म्हणायची, एक लिटर, दोन लिटर. प्रत्यक्षात सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे.

एक गोष्ट सांगितली की वर्ग चिडीचूप व्हायचा. मुलीच्या सगळ्या अंडपेशी ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे ज्या अंडपेशीतून तू जन्मलास, ती तुझी आई तुझ्या आजीच्या पोटात होती तेव्हाच तयार झालेली होती. एकदा एक मुलगा घरी जाऊन आजीला म्हणाला, 'मी अर्धा तुझ्या पोटात होतो.' दुसऱ्या दिवशी आजी शाळेत हजर! मला वाटलं, आता भांडण. आजींनी सुकेळी आणली होती.

हो, मुलगे वर्गात असायचे. मुलींना हॉलमध्ये नेऊन दार लावून सांगायचं आणि मुलग्यांना मैदानावर सोडायचं, ही पद्धत मी एक वर्ष करून पाहिली. दार लावलं की आत काहीतरी लाजिरवाणं आहे, हे दोन्ही बाजूंना आपोआप शिकवलं जातं. मुली मोकळ्या व्हाव्यात म्हणून एक तास त्यांचा वेगळा ठेवायचे, बाकी सगळं एकत्र. पहिल्या दिवशी खिदळायचे, तिसऱ्या दिवशी वहीत आकृती नीट काढायचे. मूल मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाच्या पेशीतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं, हे शिकवलं त्या दिवशी एक मुलगा तास संपल्यावर टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याला तीन मोठ्या बहिणी. म्हणाला, 'बाई, हे कागदावर लिहून द्या. घरी दाखवायचंय.' मी लिहून सही केली.

प्रश्नांसाठी खोका ठेवला होता, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. दोन महिने पाळी आली नाही, मला आजार आहे का? पहिली दोन-तीन वर्षं ती अनियमित असू शकते, दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. पण रक्त सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, तासातासाला पॅड भिजत असेल, दुखणं इतकं की शाळा बुडते किंवा १५ वर्षं होऊनही पाळी आलीच नसेल, तर डॉक्टरांकडे जायचं. कपडा वापरला तर चालतो का? चालतो, पण साबणाने धुऊन उन्हात वाळवायचा. आपल्या वसईच्या पावसात मुली तो लाजेने परकराखाली, दमट कोपऱ्यात वाळत घालतात, तिथे त्रास सुरू होतो. पॅड असो की कपडा, चार-सहा तासांनी बदलायचाच.

आणि दरवर्षी हमखास येणारी चिठ्ठी, हात लावला तर तुळस जळते का? यावर मी भाषण दिलं नाही. वर्गाबाहेर तुळशीच्या दोन कुंड्या ठेवल्या. एकीला मुलग्यांनी पाणी घालायचं, दुसरीला मुलींनी, रोज हजेरी क्रमांकाने, कुणाचे कुठले दिवस आहेत ते न विचारता. वर्षअखेर मुलींची कुंडी जोमात होती. मुलग्यांची वाळली, कारण त्यांची पाळी आली की ते विसरायचे. हा 'पाळी'वरचा विनोद माझा नाही, सातवीतल्या एका मुलीचा आहे.

आणखी एक कारण आहे, ते जरा जड आहे. ज्या लेकराला आपल्या अवयवाचं नाव माहीत नाही, त्याला कुणी तिथे हात लावला तर ते सांगणार कसं? 'तिथे', 'खाली', 'शीची जागा' यावर तक्रार उभी करणं कठीण जातं. लहान मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. पण कायद्यापर्यंत पोचायची पहिली पायरी म्हणजे तो शब्द, आणि तो शब्द आपण मुलांना द्यायला हवा.

हे काम मी शोधून काढलेलं नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे, गणिताचे प्राध्यापक, यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. शरीराबद्दल स्पष्ट मराठीत लिहिलं म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले, तरी मासिक बंद पडलं नाही. मासिक सुरू झाल्यावर ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध झाला आणि आपल्याकडच्या शाळांतून तो थांबला. २०१८ मध्ये अस्मिता योजनेतून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट देण्याचं ठरलं, चांगलं झालं. पण पाकिटाबरोबर समजही द्यावी लागते, आणि ती देणारं माणूस वर्गात लागतं.

म्हणून आज शाळेला काही देणगी द्यायचा विचार चालला आहे, तर माझं मागणं ऐका. संगणक द्या, रंग द्या, पण त्याआधी मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी, वाहता नळ आणि झाकणाचा डबा द्या. शिपाई मावशींच्या त्या पत्र्याच्या डब्याच्या जागी एक कपाट द्या, त्यात पॅड आणि एखादा जादा स्कर्ट. आपल्या बॅचमध्ये दोन डॉक्टर आणि एक परिचारिका आहे. त्यांनी वर्षातून दोन तास सहावीला द्यावेत. फुलं मी आणीन, माझ्या अंगणात जास्वंद आहे.

आणि मित्रांनो, हे खास तुम्हा पुरुषांना. घरी नात नऊ-दहा वर्षांची झाली असेल तर तिच्या आईला विचारा, 'तिला सांगितलं का?' नसेल सांगितलं, तर तुम्ही सांगा. आभाळ कोसळत नाही. मी ३५ वर्षांत हजारो मुलांना सांगितलंय.

त्या जिन्यातल्या मुलीला मात्र वेळेवर सांगितलं नाही. ती आता चाळिशीची असेल, तिलाही मुली असतील. त्यांना कुणीतरी सांगितलं असेल, एवढीच आशा धरते.

जेवण थांबलंय.