दावणीचा वाटा

सज्जनहो, माघ शुद्ध एकादशी झाली. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या आपल्या चार वाऱ्या. त्यांतली माघी शेतकऱ्याला सगळ्यांत अवघड जाते. हुरडा सरलेला असतो, ज्वारी काढणीला येते, हरभऱ्याचे घाटे वाळू लागतात. रात्री कानाला फडकं बांधल्याशिवाय आखाड्यावर निजवत नाही, आणि दुपारी ऊन पाठ भाजतं. त्यात गाय विण्यावर आलेली. कास भरली, शेपटीच्या दोन्ही अंगाला खड्डे पडले. मग ताडकळसकडचा माळकरी विचारतो, "महाराज, पंढरीला जावं का गाईपाशी राहावं?"

प्रश्न साधा दिसतो, पण संतांनाही तो पडला होता. पैठणच्या नाथबाबांची कथा तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल, आज गोठ्यात उभं राहून ऐका. काशीचं गंगाजल कावडीत भरून रामेश्वराला चालले होते. किती कोस आले असतील! वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडताना दिसलं. नाथबाबांनी कावड उतरवली आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात ओतलं. सोबतचे म्हणाले, अहो, रामेश्वराचं पाणी वाया घालवलं! नाथबाबांचा भाव असा, की माझा रामेश्वर इथंच पाणी प्यायला.

आता नीट बघा हं. नाथबाबांनी यात्रा खोटी म्हटली नाही. घरी बसा, असंही सांगितलं नाही. कावड घेऊन निघालेच होते ना! पण वाटेत जीव आडवा आला, तेव्हा देव कुठं उभा आहे ते त्यांनी ओळखलं. तेव्हा बाबांनो, गाय विण्यावर असेल आणि घरात दुसरं जाणतं माणूस नसेल, तर खुशाल राहा. पांडुरंग रागावत नाही. पण राहायचं ते गाईपाशी राहायचं. वारी सोडली आणि पारावर पत्ते कुटत बसला, तर तिकडचंही गेलं अन् इकडचंही गेलं!

गाईपाशी राहून करायचं काय? वासरू पडलं की त्याचं नाक-तोंड पुसा. गाईला चाटू द्या. कोरड्या पोत्यानं अंग चोळा, आपल्याकडची पहाटेची थंडी ओल्या जिवाला सोसत नाही. नाळेला आयोडीन लावा. आणि तासाभरात त्याला चीक पाजा. काही घरांत अजून समजूत आहे, वार पडल्याशिवाय वासराला आचळाला लावायचं नाही. ही समजूत सोडा. पहिला चीक हीच वासराची रोगाशी लढायची ताकद. जितका उशीर, तितकी ती ताकद अंगात कमी मुरते. खरवस आपण खाऊ, पण पहिला वाटा त्याचा. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आपण घास घेत नाही ना? तसंच हे.

आता दुसरी गोष्ट, जरा अवघड. कडब्याची.

शिवरात्र आली की शहाणा शेतकरी गंजीकडं बघून हिशोब करतो. तुम्हीही माझ्याबरोबर करा. दोन बैल, एक गाय, एक कालवड. एका जनावराला रोज 4 पेंढ्या धरा, दिवसाला 16 झाल्या. शिवरात्रीपासून आषाढी एकादशीपर्यंत साधारण 130 दिवस, तेव्हा कुठं हिरवं तोंडी लागतं. म्हणजे 2,080 पेंढ्या. अधिक मास मध्ये पडला तर आणखी महिनाभराची वैरण. कुणाची पेंढी मोठी, कुणाची लहान, आकडा थोडा हलेल. पण मोजा तर खरं! लांब कडबा तसाच टाकला तर ढोर पानं-शेंडे खातं आणि बुडखे पायाखाली तुडवतं. कुट्टी करून घातली तर तेवढ्याच गंजीत जास्त दिवस निघतात. तुरीचं, हरभऱ्याचं, सोयाबीनचं भुसकट पेटवू नका, कोरड्या जागी भरून ठेवा.

आणि मोजल्यावर गंजी कमी पडली, तर घरात पहिलं नाव कुणाचं निघतं? म्हाताऱ्या बैलाचं. "हा आता काय कामाचा? ट्रॅक्टर आहे." अहो, ज्या खांद्यावर जू ठेवून पोरांची शाळा झाली, लेकीचं लग्न झालं, त्या खांद्याची गाठ अजून दिसते. तो भांडत नाही, वाटणी मागत नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना विचारा. माणसाला खडीचं काम मिळालं, सुकडी मिळाली. माणूस रस्त्यावर जाऊन मागू शकतो. दावणीला बांधलेला जीव फक्त आपल्या पावलांचा आवाज ऐकून मान वर करतो.

ज्याच्या घरात खरोखर काडी नाही, त्याला मी बोल लावत नाही. पोटाला चिमटा काढून जनावर सांभाळणं काय असतं, ते ज्याचं त्याला माहीत. पण मग बाकीचं गाव कशाला आहे? सप्ताह आला की आपण घराघरातून पट्टी काढतो. कुणी गहू देतो, कुणी डाळ, कुणी तेल. महाप्रसादाला काही कमी पडू देत नाही. आता माझं मागणं ऐका. त्या पट्टीच्या वहीत एक पान कडब्याचं घाला. ज्याची गंजी मोठी, त्यानं 50 पेंढ्या लिहाव्या, 100 लिहाव्या. ज्याच्या दावणीला कमी पडतात, त्याच्याकडं त्या रात्रीतून पोचत्या करा. नाव पुकारू नका, घेणाऱ्याची मान खाली जायला नको. माणसांची पंगत उठली, आता मुक्यांची बसू द्या.

कुणी म्हणेल, महाराज, शेण-गोठ्यात कसली भक्ती? आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंना विचारा. नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण केलं, शेण्या वेचल्या. कथा सांगतात, की शेण्यांवरून दुसऱ्या बाईशी भांडण झालं, तेव्हा कबीर तिथं आले. जनाबाई म्हणाल्या, कानाला लावून बघा, ज्यातून विठ्ठल ऐकू येईल ती माझी. त्या शेणीला नाम शिकवलं कुणी? थापणाऱ्या हातानं. हात शेणात आणि मुखात नाम, एवढंच साधन जनाबाईंपाशी होतं. तेवढं तुमच्यापाशीही आहे.

फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठी. 1599 साली याच तिथीला नाथबाबांनी देह ठेवला. पैठणला जाल, जरूर जा, गोदावरीत स्नान करा. पण निघण्याआधी गंजी मोजून घ्या. आपल्याला पुरून उरत असेल, तर वहीत आकडा लिहा. आणि कमी पडत असेल, तर लाजू नका, शेजाऱ्याला सांगा. म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवून, त्याच्यापुढं पाणी ठेवून मग वाटेला लागा. तुमची कावड तिथूनच सुरू होते.

रामकृष्ण हरी!